शरीराचे तापमान आणि झोप

शरीराच्या आतील तापमानाचा चोवीस तासांतील चढउतार आणि झोप-जागेचे चक्र यांचा परस्परसंबंध. निरोगी माणसाचे तापमान दिवसभर ३७ अंश सेल्सिअसवर खिळलेले नसते. ते संध्याकाळी सर्वाधिक असते, रात्री उतरू लागते आणि उठण्याच्या नेहमीच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत पहाटे चार-पाचला, तळ गाठते. दोन टोकांतला फरक जेमतेम अर्धा ते एक अंश. तरीही झोप केव्हा लागेल आणि किती टिकेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. पारा उतरत असताना झोप पटकन लागते. चढू लागला की शरीर उठण्याच्या तयारीला लागते.

या लयीचे घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधल्या पेशींच्या एका लहान पुंजक्यात असते. संध्याकाळी उजेड कमी झाला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन हे रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक स्रवते आणि हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. तळहात आणि तळपायांत रोहिण्या व नीला थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. त्या उघडल्या की पोटाछातीतले उबदार रक्त तिथे येते आणि उष्णता हवेत सोडून देते. म्हणून झोपेच्या आधी पाय गरम होतात आणि आतले शरीर थंड होते. स्वित्झर्लंडमधील बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले, की झोप किती लवकर लागेल याचा चांगला अंदाज हातापायांच्या आणि धडाच्या त्वचेच्या तापमानांतील फरकावरून बांधता येतो. पाय गारठलेले असले, तर उष्णतेची ही वाट बंद राहते. थंडीत मोजे घालून झोपणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही.

तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची आपल्याकडची पद्धत याच जागेशी येऊन भिडते. वाटी अंगातली उष्णता ओढून घेते, असे सांगितले जाते ते खरे नाही. मात्र चोळण्याने तिथल्या त्वचेत रक्त वाढते आणि उष्णता बाहेर टाकायला मदत होऊ शकते. आंघोळीचे गणितही असेच उलटे आहे. झोपण्याच्या तास-दोन तास आधी ४० अंशांच्या आसपासच्या कोमट-गरम पाण्याने आंघोळ केली, तर त्वचेकडे रक्त येऊन शरीर नंतर लवकर थंड होते. अगदी झोपताना बर्फगार पाण्याने आंघोळ केली, तर त्वचेतल्या वाहिन्या आखडतात आणि उष्णता आतच अडते.

तापमानाची लय झोपेच्या सवयीमागे निमूट चालत नाही. १९३८ मध्ये झोपेचे संशोधक नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतील केंटकीच्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि त्यांनी २८ तासांचा दिवस पाळला. तरुण रिचर्डसनचे शरीर नव्या वेळापत्रकाशी जुळले. क्लाइटमनचे तापमान मात्र २४ तासांवरच अडून राहिले.

झोपेत तापमानाचे नियंत्रणही बदलते. गाढ झोपेत शरीर नेहमीपेक्षा कमी तापमान राखते. स्वप्नांच्या टप्प्यात तर घाम येणे आणि कुडकुडणे जवळजवळ थांबते, आणि हा टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असतो. त्यामुळे खोली फार तापलेली किंवा फार गार असली, की जाग येते आणि गाढ व स्वप्नांची अशी दोन्ही प्रकारची झोप घटते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्याला याबाबत निसर्गाची साथ होती. एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ अंशांवर गेलेला पारा पहाटे २०-२२ पर्यंत उतरतो. मुंबईच्या दमट रात्रीला ही उतरण मिळत नाही. आता मात्र पुण्यातही ही उतरण शहरभर सारखी नाही. पाषाण किंवा एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परिसराच्या तुलनेत मगरपट्टा, वडगाव शेरीत रात्रीचे किमान तापमान बरेचदा जास्त नोंदले जाते. शेवटच्या मजल्यावरचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता रात्री, नेमकी शरीराला आपली उष्णता टाकायची असते तेव्हा, खोलीत सोडतो. गच्चीवर गाद्या घालण्यामागे हेच शहाणपण होते. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. कूलर एप्रिलच्या कोरड्या हवेत कामाचा. जूननंतर तो खोलीत फक्त ओल वाढवतो.

दुपारच्या झोपेचा मुद्दा पुण्यात टाळता येत नाही. जेवणानंतरची सुस्ती मेंदूच्या घड्याळातही आहे, केवळ वरणभातात नाही. पण त्या वेळी तापमान रात्रीसारखे घसरत नसते, एकूण चढणीवरच असते. त्यामुळे ‘१ ते ४ बंद’ या पाटीला तापमानाच्या आलेखाचा आधार तोकडाच मिळतो. वामकुक्षी अर्ध्या तासात आटोपावी, हेच बरे.

हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची अडचण खरी गंभीर आहे. तापमान तळाला असताना, पहाटे चारला, ते जागे राहतात आणि तापमान चढू लागल्यावर, सकाळी आठ-नऊला, अंथरुणावर पडतात. कितीही थकवा असला तरी ही झोप सहसा चार-पाच तासांत मोडते. घरी येताना डोळ्यांवर ऊन कमी पडू देणे आणि जाड पडदे लावून खोली थंड ठेवणे, एवढे हातात असते.

वयानुसार या लयीचा चढउतार मंदावतो आणि ती लवकरच्या वेळेकडे सरकते, म्हणून वृद्धांना रात्री नऊलाच पेंग येते आणि पहाटे चारला जाग. स्त्रियांमध्ये बीजविमोचनानंतर तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी वाढलेले राहते. तान्ह्या बाळांची उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यावाटे जाते; डिसेंबरच्या थंडीतही घरात झोपवताना त्यांना टोपी घालून दुलयांत गुंडाळू नये, कारण अति उष्णता हा झोपेतील अर्भकमृत्यूचा एक ज्ञात धोका आहे.