पिवळा बांबू : नवी लागवड व तिचे पुनरुज्जीवन

गवताच्या कुलातील शोभेची बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव बांबुसा व्हल्गॅरिस, प्रकार व्हिटाटा. पिवळ्याधमक कांड्यांवर कमीअधिक रुंदीचे हिरवे उभे पट्टे असतात व एकाच बेटातील दोन वासे सहसा सारखे नसतात. विदर्भाच्या वनांतील मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) आणि काटेरी कटांग (बांबुसा बांबोस) यांच्याप्रमाणे हा बांबू रानात आपोआप उगवत नाही. तो विश्रामगृहांच्या व शाळांच्या आवारांत आणि अलीकडे खेड्यांतील नव्या घरांच्या अंगणांत लावलेला दिसतो. रोपवाटिकांत त्याला ‘गोल्डन बांबू’ म्हणतात. हेच नाव फायलोस्टॅकिस ऑरिया या लांब धावणाऱ्या कंदाच्या, थंड हवेच्या बांबूलाही असल्याने एकाची निगा दुसऱ्याला लावली जाते. काचेच्या भांड्यात पाण्यावर वाढणारा ‘लकी बांबू’ हा मुळात बांबूच नव्हे. तो ड्रॅसीना प्रजातीतील आहे. प्रस्तुत नोंदीत लागवडीनंतरच्या पहिल्या एकदोन उन्हाळ्यांत खंगणाऱ्या रोपाचा मुख्यतः विचार केला आहे.

मूळस्थान व नाव : बांबुसा व्हल्गॅरिस या जातीचे वर्णन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्राडर यांनी दिलेल्या नावाने व्हेंडलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बहुधा 1808 मध्ये, प्रसिद्ध केले. त्याआधीच ती युरोपातील उष्णगृहांत पोहोचली होती, असे मानण्यास जागा आहे. पट्टेदार प्रकाराला ‘व्हिटाटा’ हे नाव 1878 च्या सुमारास ऑग्यूस्त व शार्ल रिव्हिएर या पितापुत्रांनी दिले. अल्जीरियातील हम्मा उद्यानाशी दोघांचाही संबंध होता. जुन्या लिखाणात याच बांबूसाठी ‘स्ट्रायाटा’ हेही नाव येते, त्यामुळे एकच वनस्पती दोन ठिकाणी दोन जाती म्हणून नोंदली गेल्याचे आढळते. मूळस्थानाबद्दल मतभेद आहेत. ही जात आज सर्व उष्ण प्रदेशांत लागवडीखाली असून नदीकाठी व पडीक जागी रानटीसारखीही वाढते. परंतु अशी बेटे मूळची की कोणे एके काळी लावलेल्यांचे अवशेष, हे ठरवणे कठीण. काही अभ्यासक म्हणूनच मूळस्थान ‘अज्ञात’ असे लिहितात. इतर काही ते चीनचा युन्नान प्रांत व त्याला लागून असलेला हिंदचीनचा उत्तर भाग येथे मानतात. जातीतील वाणांची सर्वाधिक विविधता उष्ण आशियात आढळते, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. या बांबूला फुलोरा क्वचित येतो आणि बी जवळजवळ धरत नाही. जगभरची बेटे कांडी व कंद यांपासून वाढवलेली आहेत. अंगणातला पिवळा बांबू वाळू लागला की ‘फुलावर आला, आता जाणार’ असे खेड्यात म्हटले जाते. ही समजूत मानवेलावरून आली असावी, कारण मानवेल अनेक दशकांनी एकदम फुलतो व बी देऊन मरतो. पिवळ्या बांबूच्या बाबतीत मात्र फुलोरा प्रत्यक्ष दिसल्याखेरीज हे कारण गृहीत धरू नये.

‘वेळू’ हा शब्द संस्कृत ‘वेणु’वरून आला. वाऱ्याने वाजणाऱ्या वेळूला अमरकोशात ‘कीचक’ म्हटले आहे. मेळघाटातील चिखलदऱ्याचे नाव भीमाने मारलेल्या कीचकाशी, ‘कीचकदरा’ असे, लोककथेत जोडले जाते. डोंगर बांबूचा, म्हणून दोन्ही कीचक एक करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

कंदाची रचना : रोप वाचणार की नाही हे वाशावरून ठरत नाही, जमिनीतील कंदावरून ठरते. या जातीचा कंद आखूड, जाड व वर वळणारा असतो. त्याच्या बाजूंवर उसाच्या कांडीवर असतात तसे डोळे असतात. पावसाळ्यात त्यांतील एखादा डोळा फुटून नवा कंद होतो आणि त्याच्याच टोकाचा कोंब वर येतो. कोंब जमिनीबाहेर येताना ज्या जाडीचा असतो त्याच जाडीचा वासा होतो. वासा पुढे जाड होत नाही. म्हणून खंगलेल्या रोपाचे जुने वासे सुधारण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. सुधारणा दिसते ती पुढच्या कोंबात, आणि पहिल्या वर्षी तो आधीच्या वाशांहून बारीकही असू शकतो.

दुसरी अडचण रोपवाटिकेतच सुरू होते. वाशाची कांडी मातीत पुरली की पेरावरून मुळे व पाने लवकर फुटतात आणि रोप विक्रीस तयार दिसते. पण मुळे फुटणे वेगळे व कंद धरणे वेगळे. कंद न धरलेली कांडी आपल्या साठ्यावर काही महिने हिरवी राहते आणि बागेत लावल्यावर मरते. रोप घेताना बुंध्याशी माती बोटाने उकरावी. फुगीर भाग व टोकदार डोळा हाताला लागला, तर ते रोप उन्हाळा काढण्याची शक्यता अधिक.

निदान : पिवळ्या बांबूत रंग फसवतो, कारण निरोगी वासाही पिवळाच. पट्ट्यांचा हिरवेपणा जाऊन तो मातकट झाला, वाशाचा तुकतुकीतपणा गेला आणि नखाने खरवडल्यावर आत ओल लागली नाही, तर तो वासा मेला असे समजावे. पेरावरचे डोळे टणक व भरलेले असतील तर पाने पूर्ण झडूनही तो जिवंत असतो. पानांची पुंगळी होणे हे पाणी वाचवण्याचे साधन आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा दुपारी पुंगळी होणे स्वाभाविक. सकाळी सातलाही पाने उलगडली नसतील तर रोप खरोखर तहानलेले आहे.

काळ्या जमिनीत मात्र तहानेपेक्षा बुडण्याने अधिक रोपे जातात, असे म्हणावे लागते. चिकणमातीत दोन फुटांचा खड्डा खोदून तो शेणखत व भुसभुशीत मातीने भरला की त्याचे भांडे होते. यंत्राने खोदल्यास कडा लिंपल्यासारख्या घट्ट होतात. वर दिलेले पाणी खड्ड्यात मुरते, बाहेर जात नाही. जागा चिबडते, मुळे काळी पडून कुजकट वास येतो आणि पाने पिवळी होतात. पिवळी पाने पाहून घरचे आणखी पाणी घालतात. हे टाळण्यासाठी बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खोल माती काढून मुठीत दाबावी. चकचकीत गोळा झाला तर पाणी थांबवावे; ढेकूळ फुटून भुगा झाला तर द्यावे.

उपचार : चिबडलेल्या रोपाच्या उताराकडील बाजूस खड्ड्याच्या तळाएवढा खोल चर काढतात. त्याने भागले नाही तर रोप गड्ड्यासह उचलून सपाट जमिनीवर फूटभर उंच मातीच्या गादीवर बसवतात. हे काम मृगाचा पाऊस लागल्यावर करावे. मुळे सडलेली असतील तर तेवढी वाट पाहू नये. उचलताना प्लास्टिकची पिशवी तशीच पुरलेली सापडणे नवल नाही. पिशवी काढून गोल गुंडाळलेली मुळे उभ्या चिरेने मोकळी करतात.

तहानलेल्या रोपाला रोज तांब्याभर पाण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा लिटर पाणी आळ्यात सावकाश द्यावे. काळी माती उन्हाने भेगाळली की ओतलेले पाणी भेगांतून थेट खाली जाते आणि मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. म्हणून आधी भेगा मातीने बुजवाव्यात. आच्छादनाला पश्चिम विदर्भात सोयाबीनचे कुटार किंवा बारीक केलेली पऱ्हाटी, पूर्वेकडे धानाची तणस वापरता येते. थर वीतभर असावा, पण वाशाला भिडू नये. तिथे उदई (वाळवी) लागते. बांबूची स्वतःची झडलेली पाने मात्र झाडून काढू नयेत. त्यांतील सिलिका जमिनीत परतते. पश्चिमेकडून हिरवी जाळी किंवा तुराट्यांचा तट्ट्या लावल्यास उष्ण वाऱ्याची झळ कमी होते.

मेलेला वासा पेराच्या जरा वर कापावा. हिरवा वासा, कितीही वाकडा असला तरी, पहिली दोन वर्षे ठेवावा, कारण कंदाला अन्न त्याच्याकडून मिळते. आजारी रोपाला युरिया देण्याची घाई नुकसानकारक ठरते. खत नवे पान दिसल्यावर, तेही कुजलेले शेणखत.

चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असून हिराकसाची (फेरस सल्फेट) अर्धा टक्का फवारणी सायंकाळी देतात. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात (अकोला, अमरावती, बुलढाणा) पानांची टोके करपतात व आळ्यावर पांढरी पापडी येते. तेथे बोअरचे पाणी देत राहिल्यास इतर उपाय लागू पडत नाहीत. छपराचे साठवलेले पावसाचे पाणी आणि माती-परीक्षणानंतर जिप्सम, एवढेच सुचवता येते.

कोंब : रोप सावरल्यास पावसाळ्याच्या मध्यास बुंध्याशी कोंब दिसतो. पूर्व विदर्भात मानवेल-कटांगचे कोवळे कोंब ‘वास्ते’ म्हणून भाजीत आवडीने खातात, त्यामुळे अंगणातला कोंबही खुडला जातो. पिवळ्या बांबूच्या कच्च्या कोंबात सायनाइड निर्माण करणारे टॅक्सिफिलिन असते. पाणी बदलून उकळल्याखेरीज तो खाऊ नये. सावरणाऱ्या बेटाचा तर पहिला कोंब मुळीच काढू नये. त्याभोवती बोराटीचे कुंपण घालतात, ते मुख्यतः शेळ्यांसाठी.