अपघातात खरंच सगळं स्लो मोशनमध्ये दिसतं का?

"जीव धोक्यात आला की मेंदूचा स्पीड वाढतो आणि सगळं पिक्चरसारखं स्लो मोशनमध्ये दिसतं" हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. ज्यांची गाडी कधी घसरलीय तेही अगदी हेच सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत, फक्त तो भास बघतानाचा नसतो, नंतर आठवतानाचा असतो.

आधी कॅमेऱ्याचं बघा. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेम्सनी चालतो, शूट 96 नी केलं की सीन चौपट हळू, म्हणजे स्लो मोशनसाठी फ्रेम्स जास्त टिपाव्या लागतात. मग घाबरल्यावर मेंदू जास्त टिपतो का? 2007 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांना 31 मीटरवरून पाठमोरं खाली जाळीत सोडलं, मनगटावर छोटा डिस्प्ले, त्यावर आकडे इतके भराभर बदलणारे की एरवी वाचताच येत नाहीत. खरंच हळू दिसत असतं तर पडताना ते वाचता आले असते ना, पण नाही आले! गंमत म्हणजे नंतर अंदाज विचारला तर दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचं पडणं सरासरी 36 टक्के लांब वाटलेलं. भीतीत आठवणी जास्त बारकाईने साठतात म्हणून तो वेळ मागाहून ताणल्यासारखा वाटतो, असा याचा अर्थ लावतात.

त्यामुळे डायरेक्टर अपघात स्लो दाखवतो ते माझ्या मते चूक नाहीच, तो आठवण दाखवतोय.

चेक करायचंय? ज्यांची गाडी कधी घसरलीय अशा कुणाला विचारा, तेव्हा लोकांचा आरडाओरडा पिक्चरसारखा जाड, लांबट ऐकू आला का, चाकाचे स्पोक्स सुटे सुटे दिसले का. खरंच स्लो मोशन असतं तर तसंच व्हायला हवं होतं.