बाधिक आड

बेळगाव-खानापूर पट्ट्यात एखादी जागा 'बाधिक' आहे म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. तिन्हीसांजेला फिरकायचं नाही, अमावस्येला नारळ द्यायचा. पिंपळ आणि पडक्या वाड्यांबद्दल माझी तक्रार नाही. बाधिक आडाबद्दल आहे, कारण तिथं माणसं खरोखर मरतात. गाळ काढायला उतरलेला एक, त्याला वाचवायला गेलेला दुसरा, मग तिसरा, अशी बातमी उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतेच. 'आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, ओढलं' हे ठरलेलं.

आडाच्या तळाशी पालापाचोळा कुजतो. त्यात ऑक्सिजन खर्च होतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इथवर शाळेतलं. हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो, एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. पण तळाशी निव्वळ कार्बन डायऑक्साइड नसतो, मिश्रण असतं. समजा ५ टक्के तो, १५ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. रेणुभारांचा हिशेब मांडला तर ही हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम दीड टक्का जड भरते. तापमान ३ अंशांनी चढलं की हवा साधारण १ टक्का हलकी होते. म्हणजे वायूचं सगळं जडपण साडेचार अंशांत फिटलं!

थंडीतल्या पहाटे बाहेरची गार, जड हवा आडात घसरते, आतली वर येते आणि आड आपोआप धुऊन निघतो. मे महिन्यात बाहेर ३५ अंश, आत पंचविशीच्या आसपास. आतली गार हवा बूच मारल्यासारखी बसून राहते. पाणी आटतं तेव्हाच, म्हणून गाळही नेमका तेव्हाच काढतात. १९२४ च्या अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेल्या काँग्रेस विहिरीसारख्या ऐसपैस तोंडात वारा तरी शिरतो, अरुंद आडात तोही नाही.

कंदील सोडून बघण्याची जुनी रीत अर्धीच खरी. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. पण गाळ ढवळल्यावर सुटणारा हायड्रोजन सल्फाइड कंदील विझवत नाही. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. मिथेन साचला असेल तर ज्योतीनं भडकाही उडेल. आत डिझेल इंजिन उतरवलं तर कार्बन मोनॉक्साइडची भर.

फांद्या वरखाली करून हवा ढवळतात, तिचा उपयोग थोडाच वेळ; गाळ उपसताना वायू सुटतच राहतो. ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून शेवटचा माणूस वर येईपर्यंत चालू ठेवावी लागते, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचं टोक वरच्यांच्या हातात असावं लागतं.