जन्मजात मिनामाता रोग

गरोदर स्त्रीच्या आहारातून गेलेला मिथाइल पारा (पाऱ्याचे एक विषारी संयुग) वारेतून (प्लॅसेंटातून) गर्भात उतरला की बाळाच्या मेंदूची जी कायमची हानी होते, तिला जन्मजात मिनामाता रोग म्हणतात. जपानच्या क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतातल्या मिनामाता या किनारी शहरावरून हे नाव पडले. पोटातल्या बाळाला वार विषापासून राखते, ही वैद्यकातली जुनी समजूत या रोगाने मोडीत काढली. गर्भ आणि जड धातू यांविषयी बोलायचे तर सुरुवात मिनामातापासून करावी लागते, ती त्यामुळेच.

मिनामाता हे चिस्सो या रसायन कंपनीचे गाव. १९३२ पासून तिथल्या कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होई. त्यासाठी पाऱ्याचे सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरत आणि त्याच प्रक्रियेत थोडा मिथाइल पाराही बने. सांडपाणी सरळ उपसागरात जाई. तिथून हा पारा सूक्ष्मजीवांत, शिंपल्यांत, माशांत आणि शेवटी माणसांत पोचला. दर पायरीला त्याचे प्रमाण वाढतच गेले. यूदो, मोदो, त्सुकिनोउरा या कोळ्यांच्या वाड्यांत तिन्ही त्रिकाळ मासे खाल्ले जात. आधी मांजरांचा तोल जाऊ लागला, ती गरगर फिरून मरू लागली. मग मुले आजारी पडली. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या या अनोळखी आजाराची खबर आरोग्य कार्यालयाला दिली. रोगाचा अधिकृत शोध याच दिवशी लागला असे मानतात. १९५९ मध्ये होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला खाऊ घातले आणि त्यालाही तोच आजार जडला. कंपनीने हा निष्कर्ष दाबून ठेवला. अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ पर्यंत चालूच राहिले आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले तेही त्याच वर्षी सप्टेंबरात.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र बाजूला पडली होती. त्याच वाड्यांत, त्याच वर्षांत, मान न धरणारी, नजर न लावणारी, सतत लाळ गळणारी बाळे जन्मत होती. डॉक्टर त्यांना सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराचे) रुग्ण ठरवत. या मुलांनी मासा तोंडात घेतलेलाच नव्हता, मग त्यांना मिनामाता रोग कसा होईल, असा हिशेब. १९६१ मध्ये कुमामोतो विद्यापीठाचे तरुण डॉक्टर मासाझुमी हारादा वाड्यांतून फिरत असताना एका घरी त्यांना दोन भाऊ खेळताना दिसले. दोघांची लक्षणे सारखीच होती. आईने सांगितले की थोरल्याला मिनामाता रोग आहे, धाकट्याला नाही. तसे डॉक्टरांनीच सांगितलेय, कारण धाकट्याने मासे खाल्ले नाहीत. पण तिचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. नवऱ्याने आणि थोरल्याने खाल्ले तेच मासे आपणही खाल्ले आणि आपल्या अंगातले विष पोटातल्या मुलाला गेले, असे तिचे म्हणणे होते. धाकटा जन्मला त्या वर्षी वाडीत अशी आणखीही मुले जन्मली आहेत, हेही तिनेच दाखवून दिले. हारादांनी पुढे आयुष्यभर या मुलांचा अभ्यास केला (ते २०१२ मध्ये वारले), पण निदान आधी त्या बाईने केले होते, हे नोंदवायलाच हवे. दगावलेल्या मुलींच्या शवविच्छेदनात मेंदूतली हानी दिसल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये १६ मुलांना जन्मजात रुग्ण म्हणून मान्यता मिळाली. नंतर हा आकडा साठाच्या वर गेला.

पारा वार ओलांडतो तो एका फसवणुकीने. मिथाइल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो. ही जोडी मेथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते. बाळाच्या वाढीसाठी वार अमिनो आम्ले आईच्या रक्तातून ओढून घेतच असते. त्यांच्याबरोबर पाराही आत जातो आणि मेंदूभोवतीची रोधक भिंतही त्याच वाटेने पार करतो. म्हणूनच नाळेच्या रक्तात पाऱ्याचे प्रमाण आईच्या रक्ताच्या साधारण दीड ते दोन पट आढळते. बऱ्याच आयांना हातापायांच्या बधिरपणापलीकडे काही जाणवत नव्हते, कित्येकींना तेवढेही नाही. आई ठणठणीत आहे यावरून बाळाविषयी काहीच ठरवता येत नाही.

प्रौढांच्या मेंदूत पारा ठरावीक जागा धरतो: दृष्टीचे केंद्र आणि तोल सांभाळणारे अनुमस्तिष्क. त्यामुळे नजरेचा परीघ आक्रसतो, तोल जातो, बोलणे अडखळते. गर्भाच्या मेंदूत पेशी अजून विभागत आणि आपापल्या जागी सरकत असतात; तिथे हानी सगळीकडे पसरते. बौद्धिक वाढ खुंटते, तान्हेपणीचे प्रतिक्षेप (आपोआप होणाऱ्या हालचाली) जात नाहीत, हातपाय वाकडे होतात, अंगाच्या अनैच्छिक हालचाली होत राहतात, डोळे तिरळे होतात. जन्मताना मात्र बाळ बहुधा नेहमीसारखेच दिसे आणि आईला संशय येई तो काही महिन्यांनी. जी जन्मलीच नाहीत त्यांचीही खूण आकडेवारीत राहिली आहे: प्रदूषण शिगेला असलेल्या १९५५ नंतरच्या काही वर्षांत मिनामातात मुलग्यांचे जन्म घटले, कारण पुरुष गर्भ अधिक दगावत होते.

जन्माच्या वेळी कोणी रक्त तपासले नव्हते, मग पुरावा कुठून आणायचा? तो घराघरांत होता. आपल्याकडे वार पुरतात; जपानमध्ये बाळाच्या नाळेचा सुकलेला तुकडा लाकडी डबीत घालून, वर नाव आणि जन्मतारीख लिहून जपून ठेवतात. हारादांनी अशा डब्या गोळा केल्या. नाळांतला मिथाइल पारा मोजला, तेव्हा तो कारखान्याच्या उत्पादनाबरोबर वर्षागणिक चढलेला आणि उतरलेला दिसला. १९७५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंपनीच्या कोणत्याही कागदापेक्षा ही नोंद बोलकी होती.

१९६५ मध्ये निईगाता प्रांतात आगानो नदीकाठी हीच विषबाधा पुन्हा झाली. तिथे गरोदरपण टाळण्याचा सल्ला बायकांना वेळीच दिला गेला, त्यामुळे मान्यता मिळालेला जन्मजात रुग्ण एकच. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात माशांचा संबंध नव्हता. बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पारा चोळलेले बियाणे पेरणीचा हंगाम उलटल्यावर गावांत पोचले आणि लोकांनी दळून त्याच्या भाकऱ्या केल्या. ६,५३० जण इस्पितळात दाखल झाले, ४५९ दगावले, आणि गरोदर बायकांच्या पोटी मिनामातासारखीच मुले जन्मली.

इतर धातूंच्या तऱ्हा वेगळ्या. शिसे वारेतून जवळजवळ विनाअडथळा जाते. शिवाय ते वर्षानुवर्षे आईच्या हाडांत साठलेले असते आणि गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम सुटू लागले की त्याबरोबर रक्तात उतरते. म्हणजे लहानपणीची बाधाही बाळापर्यंत पोचू शकते. कॅडमियम बहुतांशी वारेतच अडकते, पण त्याने वारेचेच काम बिघडते आणि बाळाचे वजन कमी भरते.

मासे सोडावेत काय? बेताच्या पाऱ्यावरचे दोन मोठे अभ्यास इथे वेगळी उत्तरे देतात. फेरो बेटांवर पायलट व्हेलचे मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांत स्मरण, भाषा आणि लक्ष यांत बारीक उणिवा दिसल्या; सेशेल्समध्ये रोज समुद्री मासे खाऊनही स्पष्ट नुकसान आढळले नाही. माशांतली मेदाम्ले बाळाच्या मेंदूला हवीच असतात. कोकणच्या ताटापुरते सांगायचे तर बांगडा, तारली, मांदेली यांत पारा कमी असतो, कारण हे मासे लहान आणि अल्पायुषी. सावधगिरी हवी ती मोठ्या शिकारी माशांबाबत. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी (लहान शार्क) देण्याची रीत आहे, तिथे छोटी मुशी आणि मोठा शार्क यांत फरक करावा. गरोदर बायकांसाठीच्या अमेरिकी यादीतला निषिद्ध किंग मॅकरेल म्हणजे आपली सुरमई नव्हे. तो तिचा अटलांटिकातला भाऊबंद. तरी पाचसहा किलोची सुरमई रोज खाण्यात शहाणपण नाही. शरीरातला निम्मा मिथाइल पारा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात, तेव्हा ही काळजी दिवस राहण्याआधीपासूनच घ्यावी लागते.

मार्च १९७३ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने चिस्सोला दोषी ठरवले. पारानियंत्रणाचा जागतिक करार २०१३ मध्ये झाला, त्याला मिनामाताचेच नाव दिले. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. जन्मजात रुग्ण आता साठी-सत्तरीला आले आहेत आणि सांभाळणारे आईवडील गेल्यावर त्यांच्या देखभालीचा प्रश्न बिकट झाला आहे. ज्यांना गर्भात थोडीच बाधा झाली त्यांचे काय, हा वाद तर मिटलेलाच नाही. सरकारचे १९७७ चे निकष अनेक लक्षणे एकत्र असल्याशिवाय रोग मानत नाहीत, आणि एखाददुसरे लक्षण असलेले लोक त्यातून सुटतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने सरकारी मदत योजनेतून वगळलेल्या १२८ वादींना रुग्ण ठरवून भरपाई दिली. पुढच्या मार्चमध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तसेच दावे फेटाळले.