अवधान आणि जाणिवेच्या अवस्था

अवधान म्हणजे एकाच वेळी आदळणाऱ्या संवेदना-विचारांतून एकाची निवड करून ती काही काळ धरून ठेवण्याची मनाची क्रिया. जाग, डुलकी, स्वप्न, ध्यान अशा अवस्थांत ती दिव्यासारखी चालू-बंद होत नाही. निवडीवरचा ताबा आणि पकडीचा टिकाऊपणा बदलतो.

जागेपणीही ही पकड लवकर ढिली पडते. नॉर्मन मॅकवर्थ यांच्या १९४८ च्या प्रयोगात तबकडीवरचा काटा क्वचित दुप्पट उडी मारे. ती टिपण्याचे प्रमाण पहिल्या अर्ध्या तासातच घसरले. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला डेडमॅन हँडल दाबून धरावे लागते, हात सुटला की ब्रेक लागतात. पण हँडलला कळतो तो हाताचा दाब. डोळे उघडे ठेवून मनाने भरकटलेला माणूसही तो देऊ शकतो.

विरारहून चर्चगेटकडे जाताना पेंगणारा प्रवासी नेमका अंधेरीला जागा होतो, त्यात फारसे गूढ नाही. उथळ झोपेत मेंदू आवाज चाळत असतो. परक्या नावापेक्षा स्वतःच्या नावाला तो अधिक प्रतिसाद देतो. त्यात गाडीचा वेग कमी होणे, दाराकडची हालचाल आणि रोजच्या वेळेची सवय यांची भर पडते. रात्रपाळीनंतर झोप गाढ लागली तर हा पहारा सुटतो आणि माणूस दादरला पोहोचतो. अशा चुकलेल्यांचे किस्से कमी सांगितले जातात, म्हणून ही क्षमता आहे त्याहून अचूक वाटते.

स्वप्नांच्या झोपेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशी जवळपास गप्प असतात. दृश्य ठसठशीत असते, पण त्यावर मन रोखता येत नाही. घराचे फलाट झाले तरी नवल वाटत नाही. अपवाद जागृत स्वप्नाचा, म्हणजे आपण स्वप्न पाहतोय हे स्वप्नातच कळण्याचा. कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये झोपलेल्या व्यक्तीकडून आधी ठरवलेल्या डोळ्यांच्या हालचालींची खूण नोंदवली. या झोपेत शरीराचे स्नायू लुळे असले तरी डोळे हलतात.

ध्यानात हीच पकड मुद्दाम घडवली जाते. पतंजलींनी चित्त एका जागी बांधण्याला धारणा आणि त्या प्रवाहाच्या अखंडतेला ध्यान म्हटले. गोराईच्या पॅगोडा परिसरातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही पहिले तीन दिवस केवळ श्वासावर जातात. घरी सोपी रीत अशी: पाठ ताठ, उच्छ्‌वास १ ते १० मोजायचे, चुकले की मुकाट्याने पुन्हा १. आकडा १४-१५ वर गेला तर मोजणी यंत्रवत झाली. मान झुकली तर झोप आली. तेव्हा डोळे अर्धे उघडावेत किंवा उभे राहावे. भरल्या पोटी बसू नये. श्वास मुद्दाम जोरात घेतल्यास चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

आजारपणातल्या भ्रमात (डिलिरियम) अवधान सर्वांत आधी ढासळते. रुग्णालयात त्यासाठी वार उलटे म्हणवून घेतात: रविवार, शनिवार, शुक्रवार… इंग्रजी महिने उलटे विचारले तर चैत्र-वैशाख मोजणाऱ्या आजी विनाकारण नापास होतात. बडबडणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. गप्प पडून राहणारा मात्र थकलाय म्हणून सोडून दिला जातो. वार आधी त्याला विचारावेत.