हौशी रेडिओ

हौशी रेडिओ ही पैसे मिळवण्यासाठी नव्हे, तर आवडीपोटी, शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी चालवली जाणारी बिनतारी संदेशवहनाची सेवा आहे. बोलीत तिला हॅम रेडिओ म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला हॅम. विमाने, जहाजे, प्रसारण केंद्रे यांच्यासाठी जशा वारंवारता राखून ठेवलेल्या असतात, तशाच त्या हौशींसाठीही असतात, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत या सेवेला स्वतंत्र स्थान आहे. प्रेषण करायचे तर परीक्षा देऊन आपल्या देशाचा परवाना घ्यावा लागतो. परवान्याबरोबर एक कॉल साइन मिळते, जी जगात दुसऱ्या कोणाचीही नसते. तिच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून देश कळतो: भारताचे व्हीयू, जपानचे जेए, फ्रान्सचे एफ.

परीक्षेत विद्युतशास्त्र, अँटेना, सुरक्षितता आणि नियम यांवर प्रश्न असतात. हौसेला परीक्षा कशाला, असे वाटू शकते. त्याचे कारण असे, की इतर बहुतेक रेडिओ सेवांमध्ये प्रमाणित केलेले तयार यंत्रच वापरावे लागते. हॅमला मात्र स्वतःच्या हाताने जोडलेला प्रेषक थेट हवेत सोडण्याची मुभा असते. एवढी मोकळीक द्यायची, तर त्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळते की नाही, हे आधी पाहावेच लागते.

टाकून दिलेल्या लहरी

मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून संदेश ऐकल्याचे जाहीर केल्यानंतर घरोघरी ठिणगी-प्रेषक बनवणाऱ्या पोरांचे पेवच फुटले. त्यांच्या कलकलाटाने नौदलाच्या आणि व्यापारी केंद्रांच्या कामात व्यत्यय येऊ लागला. अमेरिकेने १९१२ मध्ये कायदा करून हौशींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले. तरंगलांबी जितकी मोठी तितका पल्ला लांब, असे तेव्हाचे जाणकार मानत. त्यामुळे आखूड लहरी देणे म्हणजे काहीच न देणे, असा साधा हिशेब होता. बिनतारीच्या इतिहासात इतका चुकलेला हिशेब क्वचितच सापडेल.

हायरम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकाराने १९१४ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन झाली. नावातच तिची पद्धत होती: एकाने ऐकायचे, पुढच्याला सांगायचे, अशा टप्प्याटप्प्याने संदेश देशभर न्यायचा. पहिल्या महायुद्धात सगळी हौशी केंद्रे बंद पडली. ती पुन्हा सुरू झाल्यावर लीगने डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांना ग्राहकयंत्र घेऊन स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसनला पाठवले. किनाऱ्याजवळच्या शेतात तंबू ठोकून, शेकडो मीटर लांब तार ताणून, ऐन हिवाळ्यात गॉडली रात्ररात्र ऐकत बसले आणि अमेरिकेतल्या हौशींचे संदेश त्यांनी टिपले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेओं दलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संभाषण झाले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यूझीलंडमधले फ्रँक बेल लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी बोलले. पृथ्वीवर याहून फार लांब जायला जागाच उरत नाही.

यानंतर आखूड लहरींकडे सगळ्यांचेच लक्ष गेले. आपली जागा राखायची तर संघटित व्हायला हवे, हे ओळखून १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला. जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून आजही हाच दिवस पाळतात. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत १६०, ८०, ४०, २० आणि १० मीटर असे ठराविक पट्टे हौशींच्या नावावर झाले. आधी मोकळ्या असलेल्या विस्ताराचा बराच भाग गेला, पण जे उरले ते हक्काचे झाले. १९७९ च्या जागतिक परिषदेने त्यांत १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांची भर घातली. (मेगाहर्ट्झ हे वारंवारतेचे माप; तरंगलांबी जितकी आखूड, तितकी वारंवारता जास्त.)

आभाळाचा भरवसा

आखूड लहरी लांब जातात त्या आयनांबरामुळे. सूर्याच्या अतिनील किरणांनी वातावरणाच्या वरच्या भागातले अणू विद्युतभारित होतात आणि तिथून लहरी वाकून जमिनीकडे परततात. साधारण २५० ते ३०० किलोमीटर उंचीवरच्या एफ थरातून एका उडीत तीन-साडेतीन हजार किलोमीटर गाठता येतात. मग जमीन किंवा समुद्रावरून परावर्तन, पुन्हा वर, पुन्हा खाली. खालचा डी थर दिवसा कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो आणि सूर्य मावळला की विरतो. म्हणून ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झवर रात्री दूरचे ऐकू येते, तर १४ मेगाहर्ट्झ आणि त्यावरचे पट्टे मुख्यतः दिवसाचे. नवख्याला सर्वांत चक्रावून टाकते ती मधली मुकी पट्टी: दोन हजार किलोमीटरवरचा माणूस खणखणीत ऐकू येतो आणि दोनशे किलोमीटरवरच्याचा मागमूसही लागत नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून निघून गेलेली असते.

यावर सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राचा अंमल असतो. सूर्यडाग भरपूर असताना २८ मेगाहर्ट्झवर थोड्याशा वॉटमध्ये जग हाताशी येते. ओहोटीच्या वर्षांत तोच पट्टा दिवसचे दिवस निर्जीव पडून राहतो. मोठी सौरज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि दिवसाच्या बाजूचे लघुलहरी संदेशवहन काही काळ आंधळे होते. फोनचे जाळे असताना हे कशाला, हा प्रश्न हॅमला हमखास विचारला जातो. त्याचे खरे उत्तर या बेभरवशातच आहे. लागेलच अशी खात्री असलेला फोन लावण्यात कसली आली मौज?

१४४ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे मात्र बहुतांशी दृष्टिपथापुरतेच चालतात. तिथे उंचावर बसवलेला रिपीटर हातातल्या छोट्या सेटचा आवाज उचलून दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा सोडतो. रोजच्या गप्पा आणि नव्यांची ओळख बहुधा इथेच होते.

यंत्रांपेक्षा अँटेनात जास्त कसब लागते, यावर जुन्याजाणत्यांचे एकमत असते. सर्वांत साधा डायपोल म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची, मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली तार. ७ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, म्हणजे तार साधारण २० मीटर, प्रत्येक बाजूला दहा. ती मुद्दाम हातभर लांब ठेवतात. मग अँटेनाकडून किती शक्ती परतते हे दाखवणारे एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहायचे, दोन्ही टोकांना चार बोटे कापायची, पुन्हा वर ओढायची, पुन्हा पाहायचे. परतणारी शक्ती कमी होत काटा एकाच्या जवळ आला की थांबायचे. एक काप जास्त झाला तर तुकडा जोडत बसावे लागते. तार आधी उदारपणे मोजायची ती यासाठीच.

हवेतली रीत

कोणालाही उद्देशून हाक द्यायची तर 'सीक्यू' म्हणतात. त्याआधी ती वारंवारता रिकामी आहे ना, हे ऐकून आणि विचारून घ्यायचे, हा पहिला शिष्टाचार. उत्तर आले की दोन्ही कॉल साइनची देवघेव होते, मग ऐकू येण्याचा दर्जा सांगायचा: स्पष्टता १ ते ५, जोर १ ते ९ आणि मॉर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, असेल तर स्वराची शुद्धता १ ते ९. बोलण्यातला उत्तम शेरा ५९, मॉर्समधला ५९९. त्यानंतर नाव, ठिकाण, सेट, अँटेना, हवामान आणि शेवटी '७३', म्हणजे शुभेच्छा. 'तुमचा शेरा ५९' असे सांगून झाल्यावर तोच गृहस्थ 'कृपया कॉल साइन पुन्हा सांगा' म्हणतो, तेव्हा ती ठराविक वेळात जास्तीत जास्त संपर्क करण्याची स्पर्धा आहे असे समजावे. तिथे सगळेच ५९ असतात.

तारयंत्राच्या काळातले क्यू-संकेत बोलण्यातही रुळले आहेत. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या केंद्रांचा त्रास, क्यूआरएन म्हणजे निसर्गाची खरखर, क्यूएसबी म्हणजे आवाजाचे चढउतार, क्यूआरपी म्हणजे पाचेक वॉट किंवा त्याहून कमी शक्तीवर काम. व्यापारी मजकुराला आणि अर्थ लपवणाऱ्या सांकेतिक भाषेला मनाई आहे. राजकारण आणि धर्म बहुतेक जण आपणहूनच टाळतात. हवेत हुद्दा चालत नाही. जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय१ या कॉल साइनवर आणि राजीव गांधी व्हीयू२आरजी या कॉल साइनवर येत.

संपर्काचा पुरावा म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवतात. पोस्टकार्डाएवढ्या या कार्डावर दिनांक, जागतिक प्रमाणवेळ, वारंवारता आणि शेरा असतो. संगणकी नोंदी आल्या तरी कार्डांचे वेड टिकून आहे. दूरदूरचे प्रदेश जमवणाऱ्यांसाठी डीएक्ससीसी हा १९३७ पासूनचा मान आहे. त्याच्या यादीत आज ३४० प्रदेश आहेत आणि त्यांतले निदान शंभर सिद्ध करावे लागतात. दक्षिण अटलांटिकमधल्या बूव्हे बेटासारख्या निर्मनुष्य जागाही त्यात आहेत, म्हणून हॅम मंडळी पदरमोड करून बोटीने तिथे जातात, तंबूत जनरेटर लावतात आणि दिवसरात्र हाका झेलतात. पलीकडे हजारो जण एकदम ओरडत असतात. त्याला पाइल-अप म्हणतात, आणि माणसाचा संयम किती पातळ असतो हे पाहायचे असेल तर ते ऐकावे.

मॉर्स आणि संगणक

३० मेगाहर्ट्झखाली काम करायचे तर मॉर्स आलेच पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय अट २००३ मध्ये सैल झाली आणि तो निर्णय देशांवर सोपवला गेला. मॉर्स संपले, अशी हाकाटी झाली. तसे काही झाले नाही. सक्ती गेल्यावर ज्यांना ते आवडते तेच शिकतात, आणि अरुंद पट्ट्यात, कमी शक्तीत, गोंगाटातून पार जाणारे मॉर्स आजही पट्ट्यांच्या खालच्या टोकाला भरपूर ऐकू येते.

खरी उलथापालथ केली ती २०१७ मध्ये आलेल्या एफटी८ ने. ही पद्धत जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांची. टेलर हे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकीचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ आणि जुने हॅम. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत दोन्ही बाजूंचे संगणक छोटे, ठराविक संदेश पाठवतात आणि कानाला नुसती खरखर वाटेल अशातूनही ते उलगडतात. घड्याळे जुळलेली असावी लागतात, नाहीतर काहीच उलगडत नाही. मिनिट-दीड मिनिटात संपर्क पुरा होतो. यात माणूस माणसाशी बोलतच नाही, अशी जुन्यांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पण छोट्या अँटेनावर, सूर्याच्या ओहोटीत, अनेकांचे केंद्र याच पद्धतीने जिवंत राहिले हेही तितकेच खरे.

अवकाशात

स्पुटनिकनंतर अवघ्या चार वर्षांत हौशींनी आपला उपग्रह वर पाठवला. सुमारे साडेचार किलोचा ऑस्कर-१ हा १२ डिसेंबर १९६१ रोजी एका लष्करी रॉकेटावर भरताडाच्या वजनाच्या जागी बसून गेला. तो मॉर्समध्ये फक्त 'एचआय' एवढेच पाठवत असे, आणि ते किती वेगाने येते यावरून त्याचे आतले तापमान कळे. बॅटरी तीन आठवडे टिकली. १९८३ मध्ये अंतराळवीर ओवेन गॅरियट कोलंबिया यानातून हातातल्या सेटवर जमिनीवरच्या हॅमशी बोलले. इस्रोने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा हौशींसाठीचा उपग्रह सोडला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे अंतराळवीर शाळांतल्या मुलांशी हौशी पट्ट्यावर बोलतात. स्थानक डोक्यावरून सुमारे दहा मिनिटांत जाते, तेवढ्यात प्रश्न उरकायचे. काही जण तर चंद्रालाच आरसा करतात. आपलाच आवाज अडीच सेकंदांनी परत येतो, पण इतका क्षीण, की त्यासाठी मोठ्या अँटेना आणि चिकाटी दोन्ही लागते.

आपत्तीत

जून १९२८ मध्ये निकोलाय श्मिट या तरुण रशियन हौशीने एका आडगावात, घरी बनवलेल्या ग्राहकयंत्रावर तुटक संदेश ऐकला: उत्तर ध्रुवाजवळ कोसळलेल्या 'इटालिया' या हवाई जहाजाच्या वाचलेल्या माणसांची ती हाक होती. शोधपथकांना दिशा मिळाली. २००४ च्या डिसेंबरात भारतीय हॅमचा एक गट दुर्मिळ मानल्या जाणाऱ्या अंदमानातून जगाशी संपर्क करण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेला होता. २६ तारखेला भूकंप आणि सुनामी आली, नेहमीची साधने कोलमडली, आणि गुण जमवण्यासाठी नेलेल्या सेटवरून निरोप आणि मदतीची मागणी जाऊ लागली.

अशा कथांवर हॅम मंडळी अंमळ जास्तच विसंबतात. उपग्रह फोन आणि वाहनावरचे मोबाइल मनोरे आल्यापासून त्यांची पाळी क्वचित येते, आणि बचाव यंत्रणेत न विचारता घुसलेला हौशी अडचणच करतो. उपयोगी पडतो तो आधीपासून सराव केलेला गट, ज्याला झाडावर तार टाकता येते, बॅटरीचा हिशेब ठाऊक असतो आणि निरोप शब्दशः लिहून घ्यायची सवय असते.

गोंगाटापासून दूर

आजच्या हॅमचा मोठा शत्रू घरातच आहे. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, सौर इन्व्हर्टर यांच्या विद्युत खरखरीने वस्त्यांमधले पट्टे इतके भरून जातात, की क्षीण संदेश त्याखाली बुडतात. त्यात गच्चीवर तार बांधायलाही सगळीकडे परवानगी मिळत नाही. म्हणून अनेक जण बॅटरी, पाच वॉटचा सेट आणि गुंडाळलेली तार पाठीवर टाकून डोंगर चढतात. ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेला 'समिट्स ऑन द एअर' हा उपक्रम त्यातूनच फोफावला. तिथे प्रत्येक शिखराला उंचीप्रमाणे गुण आहेत. ते मिळवायला वरून किमान चार संपर्क करावे लागतात, वीज स्वतः वाहून न्यावी लागते आणि गाडीत बसून केलेला संपर्क धरत नाहीत.