पहिल्या गोळीने गुण न येणारे डिप्रेशन : पार्श्वभूमी

डिप्रेशनवरची पहिली औषधे अपघातानेच हाती लागली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे क्षयावरचे औषध दिले, तर छाती पुरती बरी होण्याआधीच माणसे हसूबोलू लागली, जेवण वाढवून मागू लागली. स्वित्झर्लंडमध्ये स्किझोफ्रेनियासाठी तपासले जाणारे इमिप्रामिन हे औषध मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांना डिप्रेशनमध्ये उपयोगी दिसले. ते त्यांनी १९५७ साली छापले. १९८७च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनवरच्या गोळीला मंजुरी मिळाली आणि ‘गोळी घ्या, बरे व्हाल’ ही समजूत घट्ट झाली.

गुण न येणारे रुग्ण पहिल्यापासून होतेच. पण नेमके किती? त्यासाठी अमेरिकेत सरकारी खर्चाने ‘स्टार-डी’ नावाचा मोठा अभ्यास झाला. चार हजारांवर रुग्णांना आधी सिटालोप्रॅम ही डिप्रेशनवरची गोळी दिली. बरे न वाटल्यास गोळी बदलायची किंवा जोडीला दुसरी द्यायची, अशा चार पायऱ्या. २००६ साली आकडे आले. त्या त्या पायरीवर पोचलेल्यांपैकी लक्षणे जवळपास गेलेले असे: पहिल्या पायरीवर सुमारे ३७ टक्के, दुसरीवर ३१, तिसरी-चौथीवर जेमतेम १३-१४. चारही मिळून ६७ टक्के, असे गणित मांडले गेले. त्यात मधेच उपचार सोडणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरलाच. २०२३ मध्ये काही संशोधकांनी मूळ आराखड्याप्रमाणे तीच माहिती पुन्हा तपासली, तर आकडा ३५ टक्क्यांवर आला. मूळ गटाला हे मान्य नाही. वाद काहीही असो, पहिल्या गोळीने पूर्ण बरे न होणारेच जास्त, हे दोघांच्याही आकड्यांतून दिसते. ते पहिल्या भेटीतच सांगितले, तर गोळी बदलल्यावर रुग्ण स्वतःला दोष देणार नाही, असे मला वाटते.

पुरेशा डोसने, पुरेसे आठवडे, निदान दोन औषधे देऊनही फरक नसेल, तर आजार औषधाला दाद देत नाही असे सहसा धरतात. त्याआधी थायरॉइड, दारू, चुकलेले डोस आणि लपलेला बायपोलर आजार (कधी उदासी, कधी अति उत्साह) तपासायचा असतो. घाईच्या ओपीडीत हेच राहून जाते.

पुढच्या वाटांपैकी शॉक ट्रीटमेंट (मेंदूला विजेचा झटका देणे) सर्वांत जुनी, १९३८ सालची, रोममधली. भूल न देता ती देण्यास भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. लोकांच्या मनातली भीती मात्र त्या जुन्या पद्धतीचीच. २०१९ मध्ये अमेरिकेत एस्केटामिन या औषधाच्या नाकातल्या फवाऱ्याला मंजुरी मिळाली. तो घरी मारता येत नाही: गुंगी येते, रक्तदाब चढतो, म्हणून नंतर किमान दोन तास दवाखान्यातच थांबावे लागते.